बिनशिक्क्याचा माल

टीव्हीवर मी आयुष्यात एकदाच आलो, तेही पंधरा-वीस सेकंद. 20 ऑगस्ट 2019 पासून देशातल्या 41 आयुध निर्माण्यांमध्ये महिनाभराचा संप पुकारला होता. नागपूरच्या आमच्या अंबाझरी कारखान्याच्या गेटसमोर मंडप पडला होता. पाऊस नुकताच उघडलेला, उमस अशी की घोषणा द्यायलाही दम लागावा. एका वाहिनीची मुलगी माईक घेऊन आली आणि विचारलं, "काका, कारखान्याची कंपनी झाली तर बिघडतं काय?" समोर कॅमेरा, मागे आमचीच माणसं. मी छाती फुगवून खासगी मालाच्या रिजेक्शनचा एक आकडा ठोकून दिला. तो मी सकाळी मंडपातच कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. त्याने कुठून आणला, हे विचारलं नव्हतं.

तो आकडा इथे पुन्हा लिहीत नाही. एकदा पसरला तेवढा पुरे.

मी एक्झामिनर होतो. तोफगोळ्याचं रिकामं कवच लेथवरून उतरलं की ते आमच्या टेबलावर यायचं. गो आणि नो-गो अशी गेजची दोन टोकं. गो घुसलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे. दोन्ही घुसली तर भोक मोठं, दोन्ही अडली तर लहान. जॉब पास झाला की त्यावर आपला शिक्का मारायचा. शिक्क्याला नंबर, लॉटलाही नंबर. पुढे दारू भरून तो गोळा कुठल्या तरी रेंजवर फेल झाला, तर कागद उलटा चालत येऊन थेट माझ्या टेबलाशी थांबू शकत होता. 35 वर्षं मी गेज न लावता एक कवच पुढे ढकललं नाही. आणि माईकसमोर उभा राहून एक आख्खा लॉट बिनशिक्क्याचा सोडला.

आठवडा पुरा व्हायच्या आत संप मागे घेतला गेला. आकडा मात्र कामावर राहिला. दुसऱ्या दिवशी तो एका वर्तमानपत्रात 'कामगार सूत्रांच्या मते' म्हणून छापून आला. महिन्याभराने दत्तवाडीतले आमचे फिरायचे सोबती, निवृत्त संस्कृत शिक्षक, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो, त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे बघा, तुमच्या बाजूचं काहीतरी आलंय." माझाच आकडा होता. वर लिहिलं होतं, 'तज्ज्ञांच्या मते'.

मी विहारात जाणारा माणूस. पंचशील रोज म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि एक प्रश्न घट्ट बसला: माझं शील मोडलं का? जुने टीकाकार या शीलाच्या भंगाला चार अंगं सांगतात. गोष्ट मुळात खोटी असावी, फसवायचा हेतू असावा, तसा प्रयत्न व्हावा आणि ऐकणाऱ्याला ते कळावं. माझा हेतू फसवायचा नव्हता. गोष्ट खोटी की खरी, हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणजे कागदोपत्री मी सुटलो. पण गेज न लावता पास केलेला जॉब योगायोगाने बरोबर निघाला, तरी आमच्या टेबलावर तो गुन्हाच असतो. मग शीलाचं माप कारखान्याच्या मापापेक्षा ढिलं कसं?

हा प्रश्न माझ्यापुरता राहिला असता तर मी तो विहारातच सोडवला असता. पण पुढची दोन वर्षं आमच्या कारखान्यांवर जे छापून येत होतं, त्याने तो मोठा करून ठेवला.

आमची कंपनी करा, हा सल्ला काही नवा नव्हता. 2000 साली नायर समिती, 2005 साली विजय केळकर समिती, दोघांनी तेच सुचवलं होतं. 16 मे 2020 रोजी, टाळेबंदीत, अर्थमंत्र्यांनी ते जाहीर केलं. 16 जून 2021 ला मंत्रिमंडळाची मंजुरी, 30 जूनला संपावर बंदी आणणारा अध्यादेश, आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून सात कंपन्या. आमचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेला. तिचं मुख्यालयही इथेच, अंबाझरीत. मी त्याआधी काही महिने निवृत्त झालो होतो. त्या काळात मी एक वही केली. संपादकीय पानावरचे लेख कापून चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली लॉट नंबर टाकायचा, म्हणजे लेखक कोण, संस्था कोणती. सवय, दुसरं काय.

वही भरत गेली तसं एक ध्यानात आलं. लेखाखाली दीड ओळ असते: लेखक अमुक संस्थेत वरिष्ठ फेलो आहेत. संस्था कुणाच्या पैशावर चालते, हे त्या दीड ओळीत मावत नाही. दिल्लीची संरक्षण अध्ययन संस्था 1965 सालची. तिचा खर्च संरक्षण मंत्रालय उचलतं. म्हणजे कारखान्याचा मालक आणि कारखान्यावर अभ्यास करणाऱ्यांचा पोशिंदा एकच. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन 1990 सालची, रिलायन्सच्या पाठबळावर उभी राहिलेली. यात गुपित काही नाही, शोधणाऱ्याला सापडतं. तिथली माणसंही अभ्यासू, आमचे काही दोष त्यांनी नेमके दाखवले आणि वाचताना मला मान डोलवावी लागली. माझी तक्रार पैशाबद्दल नाही, त्या दीड ओळीबद्दल आहे. एका वर्तमानपत्राला मी पत्र लिहिलं, की लेखाखाली संस्थेच्या देणगीदारांचा उल्लेख का करत नाही? उत्तर आलं नाही.

हे चालतं कसं, ते कारखान्याजवळच्या आमच्या वाडीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अमरावती रोडला लागून आमची गोदामं. रात्री ट्रक लागतो, माल उतरतो, पहाटे दुसऱ्या बिल्टीवर दुसऱ्या गाडीत चढतो. घेणाऱ्याला वाडीची बिल्टी दिसते, माल मुळात कुठून निघाला ते दिसत नाही. संस्थेचा अहवाल येतो, त्यासोबत बातमी लिहून तयारच असते. वर्तमानपत्रात माणसं कमी झालेली; फुकट आणि स्वच्छ भाषेत आलेला लेख कोण नाकारेल? सकाळी लेख, रात्री त्याच माणसाची टीव्हीवर चौकट. पुढच्या आठवड्यात एखादा मंत्री म्हणतो, तज्ज्ञांचंही हेच मत आहे. वर्षभराने पुढचा अहवाल येतो, त्यात आधार म्हणून त्याच वर्तमानपत्राचं कात्रण. माल गोदामातून गोदामात फिरतो आणि दर बिल्टीगणिक त्याचं वजन वाढतं.

मी हे सगळं गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "अहो, हा तर शब्दप्रमाणाचा प्रश्न. अडीच हजार वर्षं आम्ही यावर भांडतोय." गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताचा शब्द हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः पाहिली आहे आणि पाहिली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. गुरुजींनी पुढे जे सांगितलं ते मला फार आवडलं. सूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. पदवी नको, कुळ नको. पाहिलं का, आणि पाहिलं तसं सांगतोस का, एवढंच.

"मग लेथवरचा माणूस आप्त झाला की," मी म्हणालो.

"झाला. पण तुम्ही माईकसमोर काय सांगितलंत? स्वतः पाहिलेलं?"

मी गप्प. गुरुजी चालता चालता असं नाक दाबतात.

माझ्याही पोतडीत काही होतं. बौद्ध नैयायिकांनी, दिङ्नागाने आणि धर्मकीर्तीने, शब्दाला वेगळं प्रमाण मानायलाच नकार दिला. प्रत्यक्ष आणि अनुमान, बस. धर्मकीर्तीचं म्हणणं असं, की शब्दावरून वस्तू कळत नाही; बोलणाऱ्याला काय सांगायचं आहे तेवढं कळतं. संपादकीय पानाचं याहून चोख वर्णन मला आजवर मिळालेलं नाही. आणि त्याच्याही कितीतरी आधीचं केसपुत्त नावाचं गाव. तिथले कालाम बुद्धाला म्हणाले, इथे एक उपदेशक येतो, आपलं खरं आणि दुसऱ्याचं खोटं सांगून जातो. मग दुसरा येतो, तोही तेच करतो. आम्ही कुणाला मानावं? रात्री नऊच्या चर्चेतल्या सहा चौकटी आठवा. बुद्धाने जे जे निव्वळ आधार म्हणून नाकारलं, त्या यादीत ऐकीव, परंपरा, ग्रंथ, तर्क हे सगळं आहेच. पण एक गोष्ट अशीही आहे, की बोलणारा लायक दिसतो म्हणून मानू नका. लायक दिसतो! कोट, मागे पुस्तकांचं कपाट, इंग्रजीतली संस्था. उलट आमच्या याच अमरावती रोडवर, शहराकडे जाताना, मृदा सर्वेक्षणाचं केंद्रीय कार्यालय आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. विदर्भाच्या मातीवर किंवा संत्र्यावर टीव्हीत वाद पेटतो, तेव्हा तिथला माती हातात घेतलेला माणूस मला क्वचितच दिसतो. तो बहुधा लायक दिसत नसावा.

इथपर्यंत मला माझं म्हणणं फार पटत होतं. गुरुजींनीच खीळ घातली. "आणि दांडेकर? त्यांना नाही तुम्ही डोक्यावर घेतलं?"

घेतलं होतं. 1984 साली वि. म. दांडेकरांच्या समितीने महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष मोजला: 3,186 कोटी रुपये, त्यात विदर्भाचे 1,246 कोटी. अनुशेष हा शब्द इथल्या चहाच्या टपरीवर आला तो त्या अहवालामुळे आणि तो रोज छापणाऱ्या वर्तमानपत्रांमुळे. त्याआधी आमच्याकडे नुसती कुरकुर होती. पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाने तिला आकडा दिला. आम्ही तो भिंतींवर रंगवला. त्याचं गणित आमच्यापैकी कितीजणांनी तपासलं होतं? मी तरी नाही. पुढे 2013 मध्ये केळकरांचा अहवाल आला. होय, आमच्या कारखान्यांची कंपनी करा म्हणणारे तेच केळकर. विदर्भातल्या पुष्कळांनी तो झिडकारला, मीही. दांडेकर आप्त, केळकर अनाप्त. कारण एकच: एकाचा आकडा आमच्या बाजूने होता. माझं गेज घासलेलं होतं. घासलेल्या गेजचं वाईट असं की ते कुरकुरत नाही; खराब जॉब गुपचूप पास करतं. म्हणून आमच्याकडे गेजही ठरल्या तारखेला तपासणीला जायचं.

दांडेकरांचीच आणखी एक गोष्ट मला जास्त अडचणीत टाकते. 1971 साली त्यांनी आणि नीळकंठ रथांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला 2,250 उष्मांक मिळण्याइतका खर्च जो करू शकत नाही तो गरीब, अशी रेघ त्यांनी ओढली. त्यावर संसदेपासून साप्ताहिकांपर्यंत वाद झाले, आजही दारिद्र्यरेषेचा विषय निघाला की त्यांचं नाव निघतं. त्या अभ्यासाला पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता. अमेरिकेचा! माझ्या वहीच्या नियमाने तो लेख मी लाल शाईत टाकला असता. पण रेघ कशी ओढली, कोणते भाव धरले, हे सगळं मांडलेलं होतं. ज्याला पटलं नाही त्याने आपली रेघ ओढून दाखवली. म्हणजे जॉबसोबत गेजही टेबलावर ठेवलं होतं: घ्या, लावून बघा.

तसंच नागपूरचं हितवाद. 1911 साली निघालं, नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडून. अभ्यास करणारी मंडळी आणि वर्तमानपत्र एकाच घरातलं. आज कुणी असं केलं तर मीच ओरडेन. पण तेव्हाच्या वाचकाला निदान घर कुणाचं ते माहीत होतं.

मग मला नेमकं सलतं ते काय? मी शीलाच्या त्या चार अंगांकडे परत येतो. संस्थेतला हुशार माणूस खोटं बोलतच नाही. त्याचं प्रत्येक वाक्य खरं, प्रत्येक आकड्याला तळटीप. दहा खऱ्या गोष्टींतल्या ज्या चार पोशिंद्याला रुचतील, त्या तो सुबक मांडतो आणि सहा ठेवून देतो. चारही अंगांपैकी पहिलंच लागत नाही. गोष्ट खोटी नाहीच. धर्मराजाच्या हत्तीसाठी निदान शंख तरी फुंकावा लागला होता. इथे उरलेलं अर्धं वाक्य उच्चारलंच जात नाही, शंखाची गरज काय? शील वाक्य मोजतं. न बोललेलं मोजायचं गेज त्यात मला सापडत नाही. विहारात विचारलं तर भंतेजी हसले आणि म्हणाले, शील तुझ्यासाठी आहे, दुसऱ्याला लावून बघण्यासाठी नाही.

त्यांचं बरोबर आहे. पण मग वर्तमानपत्र कुणी वाचायचं?

एवढं मात्र मला आता वाटतं, की मी गेटवर जे केलं ते त्या फेलोपेक्षा खालच्या दर्जाचं होतं. त्याने निवडून का होईना, पाहिलेलं सांगितलं. मी न पाहिलेलं सांगितलं. आणि मलाही पोशिंदा होताच: माझी नोकरी, माझी पेन्शन, मागे उभी असलेली आमची माणसं. त्या मुलीने माईकवर हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात आठव्या मैलाजवळ चहाला थांबलो होतो. बाजूला एक ट्रकवाला पोरगा मोबाईल चाळत बसला होता. त्याने क्लीनरला मोठ्याने वाचून दाखवलं, आयुध निर्माण्यांवरचंच काहीतरी, आणि त्यात तो आकडा. पाच वर्षांनंतरही ठणठणीत. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबू, तो आकडा माझा आहे. मीच सांगितला होता टीव्हीवर. तपासला नव्हता."

त्याने मला खालून वर पाहिलं. पायात चप्पल, हातात कटिंग.

"कायले फेकता काका," तो म्हणाला. "इथं लिहून आहे ना, तज्ज्ञांच्या मते म्हणून."