दुखणे अंगाचे की घराचे

ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांची वसाहत उभी राहून सव्वा वर्षच झाले असताना, १७८९ मध्ये, सिडनीच्या परिसरातील ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ निवासी लोकांमध्ये देवीची साथ पसरली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. मागोमाग गोवर, क्षय, इन्फ्लुएंझा आले. शिकारीची राने आणि पाणवठे हातचे गेले, आणि पीठ-साखर-चहाच्या शिध्यावर जगणे नशिबी आले. एकोणिसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी या मृत्यूंचा अर्थ मात्र असा लावला की ही जमातच नामशेष होणारी आहे. मग तिच्यासाठी दवाखाने कशाला? ‘संरक्षणा’च्या नावाखाली कायदे झाले, व्हिक्टोरियाचा १८६९ चा कायदा त्यांतला सुरुवातीचा. लोकांना राखीव वस्त्यांत ठेवले गेले, मुले आयांपासून तोडली गेली. वैद्यकही या व्यवस्थेपासून अलिप्त नव्हते. १९०८ ते १९१९ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात गुप्तरोगाच्या संशयावरून शेकडो स्त्री-पुरुषांना बर्निअर आणि डॉर या बेटांवर नेऊन डांबले गेले. पुढच्या पिढ्या दवाखान्याची पायरी चढायला कचरत, त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. त्यामागे अशा आठवणी होत्या.

१९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी या समाजासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्यामुळे जबाबदारीचा धनी ठरला, पण दवाखान्यातला अनुभव बदलला नाही. तो बदलायला १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागातील ॲबोरिजिनल कार्यकर्त्यांनी सुरुवात केली. त्यांनी स्वयंसेवक डॉक्टरांच्या मदतीने स्वतःचा दवाखाना उघडला. नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज त्या डॉक्टरांपैकी एक. दवाखाना कसा चालवायचा हे वस्तीच ठरवणार, हा त्यातला खरा नवा विचार. लवकरच मेलबर्न आणि ॲलिस स्प्रिंग्ज येथेही असे दवाखाने निघाले.

तरीही मुले पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिली. खरूज, त्वचेवरचे पिकलेले फोड, वाहणारे कान, जुलाब, खुपऱ्या. औषधाने मूल बरे होई, घरी जाई आणि काही आठवड्यांत परत येई. अशा फोडांत आढळणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या वारंवार संसर्गातून संधिज्वर होऊ शकतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. मग अशा मुलाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. या सगळ्यावर दवाखान्याचा सल्ला ठरलेला असे: मुलांना रोज अंघोळ घाला, कपडे-अंथरुणे धुवा. आईला हे माहीत नाही, असे त्यात गृहीत धरलेले होते.

१९८५ च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातील ङानाम्पा आरोग्यसेवेचे प्रमुख यामी लेस्टर यांनी हा प्रश्नच उलटा विचारला. आजाऱ्यांवर उपचार होताहेत, पण माणसे आजारी पडणेच कसे थांबवायचे? वास्तुरचनाकार पॉल फोलेरॉस, डॉक्टर पॉल टॉर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्याचे काम करणारे स्टेफन रेनाउ यांनी स्थानिकांसोबत घरोघरी जाऊन पाहणी केली. १९८७ च्या अहवालात त्यांनी निरोगी राहण्यासाठी घरात शक्य असायलाच हव्यात अशा नऊ गोष्टी मांडल्या. पहिली होती अंगाची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या अंगाची स्वच्छता. घरात मात्र न्हाणीचा नळ चालू नसे, सांडपाण्याचा निचरा होत नसे, गरम पाण्याची टाकी फुटलेली असे. या पाहणीतून वाढलेल्या ‘हाउसिंग फॉर हेल्थ’ कामाचा नियम असा की नुसती मोजणी करून निघून जायचे नाही. पहिल्याच दिवसापासून दुरुस्ती सुरू करायची आणि पथकात वस्तीतलेच लोक घ्यायचे. पुढे हजारो घरे तपासली गेली, तेव्हा बिघाडांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी रहिवाशांच्या हातून झालेले आढळले. बाकीचे निकृष्ट बांधकामाचे किंवा देखभालीच्या अभावाचे होते. घरे लोकच मोडतात, हा कित्येक वर्षांचा आरोप इथे कोसळला. न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने १९९८ ते २००८ या दहा वर्षांच्या कामाचे मूल्यमापन केले, तेव्हा दुरुस्त घरांतील लोकांना संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतर ग्रामीण ॲबोरिजिनल लोकांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी निघाले. प्लंबरचा पाना हेही रोगप्रतिबंधाचे साधन ठरले.

२००८ मध्ये सरकारने आकड्यांत उद्दिष्ट बांधून घेतले: मूळ निवासी आणि इतर समाजांतील पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्युदरातील तफावत दहा वर्षांत निम्मी करायची. २०१८ उजाडले तेव्हा मूळ निवासी मुलांचा मृत्युदर इतर मुलांच्या दुप्पटच होता. उद्दिष्टे सरकारने ठरवली होती आणि अंमलबजावणीही सरकारी खात्यांच्याच हातात होती, हे त्या योजनेचे मोठे वैगुण्य. २०२० च्या राष्ट्रीय करारावर म्हणूनच सरकारांबरोबर मूळ निवासींच्या संस्थांच्या आघाडीनेही सही केली. २०३१ पर्यंत त्यांच्या ९१ टक्के बाळांचे जन्मवजन निरोगी असावे, हे त्यातले एक उद्दिष्ट.

त्यासाठी काय करावे लागते, हे ब्रिस्बेनमध्ये आधीच दिसले होते. तिथे २०१३ पासून दोन ॲबोरिजिनल आरोग्यसंस्था आणि एक मोठे प्रसूतिरुग्णालय मिळून गरोदर स्त्रियांची काळजी घेऊ लागले. प्रत्येकीला गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीची एकच सुईण, सोबतीला आपल्या समाजातली कार्यकर्ती, तपासणीला ने-आण करायला गाडी. अपुऱ्या दिवसांचे बाळ सहसा कमी वजनाचे असते; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नेहमीची सेवा घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत या स्त्रियांची बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते.