दुसऱ्याच्या श्वासाची जबाबदारी

एकदा वापरलेली वस्तू शुद्ध करून पुन्हा वापरात आणावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता गृहिणीच्या काटकसरीचा वाटतो. परंतु ती वस्तू रुग्णालयातील मुखपट्टी असेल आणि तिच्यामागे एखाद्या परिचारिकेचा अथवा सफाई कामगाराचा श्वास चालू असेल, तर तो प्रश्न काटकसरीचा राहत नाही. तो विवेकबुद्धीचा होतो.

मार्च २०२० मध्ये आमच्या कुंडलपासून फार दूर नसलेल्या इस्लामपूर येथे कोरोनाचे पहिले चार रुग्ण आढळले आणि काही दिवसांतच ती संख्या विसाच्या पुढे गेली. मिरजेच्या शासकीय रुग्णालयावर साऱ्या सांगली जिल्ह्याची दृष्टी खिळली. त्याच सुमारास जगभर एन-९५ मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. एकदा वापरून टाकून देण्यासाठी बनविलेली ही वस्तू पुन्हा वापरण्याचे मार्ग तज्ज्ञांना शोधावे लागले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनेही आपल्या सेवकवर्गाला ५ मुखपट्ट्या आळीपाळीने, प्रत्येकी ४ वेळा, अशा २० दिवस पुरविण्याची सूचना केली.

पुनर्वापरात मुळात कमीपणा काहीच नाही. आमच्या पिढीतील वाचकांना काचेची सिरिंज उकळणारी परिचारिका नक्कीच आठवत असेल. रबरी हातमोजे धुऊन, वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरणे ही एके काळी आपल्या रुग्णालयांची नित्याची रीत होती. देवाने दिलेल्या साधनांची नासाडी न करणे हाही सद्गुणच आहे.

पण मुखपट्टी म्हणजे काचेची सिरिंज नव्हे. एन-९५ च्या मधल्या थरातील अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि हवेतील बारीक कण त्या भारामुळे ओढले जाऊन अडकतात. साबणाने धुतल्यास किंवा मद्यार्कात बुडविल्यास जंतू मरतात खरे, पण त्याबरोबर तो भारही नाहीसा होतो. मुखपट्टी पांढरीशुभ्र दिसते. तिची राखण मात्र संपलेली असते. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ, अतिनील किरण, दमट उष्णता अशा, जंतू मारणाऱ्या पण गाळणी शाबूत ठेवणाऱ्या पद्धतींचा कस लावावा लागला. या विद्युतभारित गाळणीचे संशोधक पीटर साय हे तर निवृत्तीचे जीवन सोडून २०२० मध्ये पुन्हा प्रयोगाला बसले. आपल्या हातून घडलेली वस्तू दुसऱ्याला किती काळ सांभाळील, याचे उत्तर देणे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

येथेच पहिला नैतिक मुद्दा उभा राहतो, तो सत्याचा. प्याल्याची बाहेरची बाजू घासून आतली तशीच ठेवणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत फटकारले होते. मुखपट्टीची आतली बाजू वापरणाऱ्याला दिसत नाही. वास, रंग, स्पर्श यांपैकी काहीही त्याला सावध करीत नाही. त्याला केवळ देणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. ती किती वेळा शुद्ध केली, कोणत्या पद्धतीने केली, तिच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत काय, ती चेहऱ्यावर घट्ट बसते काय, हे त्याला सांगितलेच पाहिजे. ‘नाही मामापेक्षा काणा मामा बरा’ हे टंचाईच्या काळात खरे. परंतु मामा काणा आहे हे लपविणे ही फसवणूकच होय.

दुसरा मुद्दा न्यायाचा. नवी मुखपट्टी कोणाला आणि शुद्ध केलेली कोणाला? रोग पद पाहून शिरत नाही. वाटप मात्र पुष्कळदा पद पाहून होते. ऑगस्ट २०२० मध्ये देशभरातील आशा सेविकांनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये मानधनाबरोबर संरक्षक साधनेही होती, हे विसरता येत नाही. २७ मार्च २०२० रोजी संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात प्रार्थना करताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी डॉक्टर व परिचारिकांच्या बरोबरीने सफाई कामगारांचाही उल्लेख केला होता, तो उगाच नव्हे. कुंडलच्या मातीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारने याच परिसरात गावोगाव न्यायदानाची व्यवस्था उभारली, ती न्याय हा गरिबावरील उपकार नव्हे, त्याचा हक्क आहे, या जाणिवेतूनच.

तिसरा मुद्दा मर्यादेचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये मुखपट्ट्या शुद्ध करण्याच्या यंत्रणांना आणीबाणीची परवानगी दिली. नव्या मुखपट्ट्या पुरेशा मिळू लागताच जून २०२१ मध्ये ती मागे घेतली. यात मोठा बोध आहे. गरजेपोटी पत्करलेला धोका गरज सरल्यावरही चालू ठेवला, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर केलेला नफा ठरतो. आपण होऊन केलेला त्याग पवित्र असतो. दुसऱ्यावर लादलेल्या त्यागाला ते नाव शोभत नाही.

मग कसोटी कोणती? आम्हाला तूर्सचे संत मार्टिन आठवतात. आमियां नगराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी त्यांनी घरातला जुना झगा शोधला नाही. अंगावरचाच झगा तलवारीने दुभंगला आणि अर्धा त्याला दिला. दोघांच्या खांद्यांवर एकच कापड होते. शुद्ध केलेली मुखपट्टी देणारा अधिकारी तीच मुखपट्टी बांधून त्याच कक्षात जाण्यास तयार असेल, तर ते वाटप न्याय्य आहे. तो तयार नसेल, तर शुद्धीकरणाचे यंत्र कितीही उत्तम असो, तेथील व्यवहार अशुद्धच राहिला.

ही कसोटी रुग्णालयाच्या दारापाशी थांबत नाही. नाताळापूर्वी गरिबांसाठी कपड्यांची गाठोडी बांधताना, घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती उरलेले अन्न ठेवताना, मुदत संपत आलेली औषधे दानपेटीत टाकताना आपण एवढेच विचारावे: हे मी स्वतः घालीन काय? हे माझ्या लेकराच्या ताटात वाढीन काय? उत्तर ‘होय’ असेल तर वस्तू जुनी असली तरी दान निर्मळ आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण दान करीत नाही, केवळ घरातली अडगळ दुसऱ्याच्या घरी पाठवीत आहोत.