नरो वा श्वानो वा

आमच्या घरात ‘फिरायला’ हा शब्द उच्चारायची सोय राहिलेली नाही. तो कानी पडला की आमचा मोत्या पलंगाखाली शिरतो. दोष सर्वस्वी अस्मादिकांचा.

त्याचं असं झालं. वर्षाची रेबीजची लस टोचायची होती. ‘डॉक्टरकडे चल’ म्हटल्यावर कोण खुशीनं निघतो? मी स्वतः दाताच्या डॉक्टरांना तीन वेळा चुकवलेलं आहे. तेव्हा मी लाडात म्हणालो, “चल मोत्या, फिरायला!” वसईच्या किल्ल्यावर निघालो अशा समजुतीनं बिचारा शेपूट हलवत रिक्षात बसला आणि उतरला तो थेट दवाखान्यात.

आत गुळगुळीत स्टीलचं टेबल. त्याचे चारी पाय घसरायला लागले. मी त्याला करकचून धरून “काही नाही, काही नाही” असा जप चालवला होता. वास्तविक घाम मलाच फुटलेला. माणूस ताणाखाली असला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा वास कुत्र्याला वेगळा ओळखू येतो, हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिलं. म्हणजे माझं तोंडी स्टेटमेंट आणि घामाचं लेजर जुळत नव्हतं. मोत्यासारखा ऑडिटर ते सोडतो होय?

“अहो, त्याच्या भल्यासाठीच ना थाप मारलीत?” सौभाग्यवती म्हणाल्या. खरं आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही, लस हवीच. पण भल्याची थाप ही थाप नसते का?

‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. तोच धर्मराज पुढे स्वर्गाच्या दारात, कुत्र्याला सोडून आत येत नाही म्हणून अडून बसला. मला वाटतं, हत्तीपायी गमावलेली पत त्यानं कुत्र्यापायी भरून काढली. माणसाला थाप मारली तर मागाहून कारण सांगता येतं, माफी मागता येते. मोत्याला कुठल्या भाषेत सांगू? त्याच्यापाशी माझे शब्दच मोजके. त्यातला सगळ्यात आवडता मी खोटा पाडला.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी उपाय सांगितला: सुई न टोचता नुसतंच येत जा. दारात खाऊ, वजनकाट्यावर खाऊ, की परत. आत गर्दी असेल तर बाहेर थांबा. टेबलावर घरची सतरंजी टाकू, नाहीतर खाली बसूनच तपासू. बँकेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी. तेव्हा तीन महिने आमची वारी चालली. निघताना स्पष्ट सांगायचं, “मोत्या, डॉक्टर!”

“टोचायचं नाही, तर जाता कशाला?” सौ.

“खात्यात भरणा करायला.”

शेवटी टोचायचा दिवस आला. तो थरथरला नाही असं लिहिलं तर पुन्हा थापच होईल. थरथरला, पण सतरंजीवर उभा राहिला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि उकडलेलं अंडं खाल्लं.

‘डॉक्टर’ हा शब्द आता वटतो. ‘फिरायला’ अजून नाही. रोज संध्याकाळी मी तो म्हणतो आणि खरोखर फिरायलाच नेतो. काल पलंगाखालून नुसतं नाक बाहेर आलं होतं. हप्ते चालू आहेत.