कोणतं दुखणं सोसायचं?



आजचा श्लोक गीतेच्या १८व्या अध्यायातला ८वा. भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगत आहेत, त्यातला राजस त्याग इथे येतो. एखादं कर्तव्य त्रासाचं आहे, शरीराला क्लेश होतील, एवढ्या भीतीनेच जो ते सोडून देतो, त्याच्या हाती त्यागाचं फळ लागत नाही. वाचायला सोपा श्लोक आहे. मला मात्र तो यंदा डोक्याच्या आधी खांद्याला कळला.

पावसात स्कूटर घसरली आणि मी उजव्या हातावर पडलो. खांद्याचा सांधा म्हणजे मोठा गोळा आणि उथळ वाटी. कमरेजवळच्या खुब्यासारखी खोल खोबण इथे नसते, म्हणून तर हात इतका सगळीकडे फिरतो. गोळा वाटीत धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. माझ्या कफचा थोडा भाग फाटला होता. ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा, असं ठरलं. देवळातल्या घंटेपर्यंत हात पोचेना. आरती ओवाळायची तर डाव्या हाताने उजव्याला आधार द्यावा लागे. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येई.

मग सल्ले आले, आणि गंमत म्हणजे सगळे अध्यात्मिक. एक जण म्हणाला, "देह नश्वर आहे रे, त्याचे एवढे चोचले कशाला? नाम घे." दुसऱ्याचं म्हणणं, "साष्टांग नमस्काराचा नेम मोडू नकोस. थोडं दुखेल, देवासाठी सोसायचं." दोघांच्या पाठीशी दुसऱ्या अध्यायातला १४वा श्लोक होताच: सुखदुःखं येतात आणि जातात, ती सहन कर. तितिक्षा!

पण हा श्लोक सांगितला जातोय कुणाला? धनुष्य खाली ठेवून बसलेल्या अर्जुनाला, आणि त्याने उठून काम करावं म्हणून. 'दुखतंय तर बसून राहा आणि सोस' असं त्यात कुठेच नाही. आपल्याकडे 'दुखणं अंगावर काढणं' असा एक शब्दप्रयोग आहे, आणि मला वाटतं, आपण तितिक्षेच्या नावाखाली बऱ्याचदा तेच करतो. फ्रोझन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, त्यातही बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये. किती घरांत अशी एखादी आत्या किंवा मावशी असते, जी तसाच आखडलेला खांदा घेऊन कणीक तिंबत राहते आणि घरचे तिला कौतुकाने 'सोशिक' म्हणतात! तिच्या सोशिकपणात तितिक्षा किती आणि आपली सोय किती, हा प्रश्न घरातल्या बाकीच्यांनी स्वतःला विचारायला हवा.

नेमासाठी खांद्यावर भार टाकायला सांगणाऱ्या मित्राला उत्तर १७व्या अध्यायात मिळतं. ५व्या आणि ६व्या श्लोकांत भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात, जे दंभ आणि अहंकाराने घोर तप करतात, शरीराला छळतात, आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही छळतात. शेवटचा भाग पुन्हा वाचा. मलाही! म्हणजे फाटलेल्या कंडरेवर जोर देऊन घातलेला नमस्कार ज्याला घालायचा, त्यालाच दुखवणारा.

एकीकडे १८.८, दुसरीकडे १७.५-६. क्लेशाच्या भीतीने सोडू नका, आणि शरीराला छळूही नका. मग रेघ कुठे?

फिजिओ मॅडमकडे याचं व्यवहारातलं उत्तर होतं. पुढे वाकून हात लोलकासारखा सैल सोडायचा आणि छोटी वर्तुळं काढायची; भिंतीवरून बोटांनी चढत जायचं; चांगल्या हातात काठी धरून तिने दुखरा हात वर न्यायचा. करताना थोडं ओढल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने निवलं, तर चालेल. कळ सुईसारखी आली, किंवा रात्रभर ठणकत राहिलं, तर उद्या कमी. दुखणं शत्रू नाही आणि गुरूही नाही, ती एक बातमी आहे. ती ऐकायची, मग ठरवायचं.

दंभ हा शब्द तर मला तिथेच नीट समजला. हात वर होत नसला की शरीर आपोआप एक युक्ती करतं: अख्खा खांदाच कानाकडे उचलतं. आरशात वाटतं, वा, हात किती वर गेला! मॅडम मागून खांद्यावर नुसता तळवा ठेवतात, आणि तोच हात छातीच्या उंचीलाच अडतो. सांधा तिथल्या तिथेच असतो, दाखवण्यापुरती उंची मिळालेली असते. सगळ्यांचंच असं होतं म्हणे. आपल्या साधनेतही हेच नसतं का? माळांचा आकडा वाढतो, पहाटेच्या पूजेचे फोटो स्टेटसवर जातात, पण आत जिथे हलायला हवं तिथे काही हललेलं नसतं. म्हणूनच कुणाचा तरी हात खांद्यावर लागतो. आपला आपल्याला हा फरक सहसा कळत नाही.

सुरुवातीला विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं, असं सात्त्विक सुखाचं वर्णन १८.३७ मध्ये आहे. व्यायामाच्या व्हिडिओंखाली हल्ली ते सर्रास दिसतं. पण सुरुवातीला कडू लागणारं सगळंच पुढे अमृत होतं असं नाही हं. काही कडू गोष्टी शेवटपर्यंत विषच असतात.

एक गोष्ट अजून उरते. मी मॅडमना विचारलं होतं, हात पूर्वीसारखा पूर्ण वर जाईल का? त्या म्हणाल्या, बहुतेक जाईल, पण शब्द देत नाही. त्या संध्याकाळी व्यायामाला बसताना मन लागेना. फळाची खात्री नसेल तर रोजची ही वीस मिनिटं कशासाठी? भीतीने सोडायचं नाही हे आजच्या श्लोकाने सांगितलं, पण फळ हातात नसताना करायचं कसं, ते इथे येत नाही. ते लगेच पुढच्या श्लोकात आहे: करायला हवं म्हणून करायचं, आसक्ती आणि फळ दोन्ही सोडून. सध्या घंटेला बोटांची टोकं लागतात, वाजत नाही.

उद्या १८.९.