यंत्र बदलले, देणे राहिले

मंगरुळपीरच्या नावातच पीर आहे. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे आमच्या वाशीम जिल्ह्याला कव्वालीचा नाद जुना आहे. उरुसात रात्र जागवणारे कव्वाल, लग्नात ढोलकवर गाणाऱ्या आयाबाया, पोहरादेवीच्या यात्रेतली बंजारा भजने ऐकतच आम्ही वाढलो. आता मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की मिनिटाभरात कव्वाली तयार होते. आमच्या घरच्या मुलांनी एका लग्नासाठी अशीच एक बनवली. पहिल्या यंत्राला ‘काफ’ आणि ‘खे’चे उच्चार जमेनात, म्हणून त्यांनी दुसरे धरले. तिथे आवाज गोड निघाला. घरात चर्चा झाली ती कोणते यंत्र सरस एवढीच. हा गोडवा कोणाच्या गळ्यातून आला, हे आम्ही कोणीच विचारले नाही.

संगीत जायज की नाजायज, हा उलेमांचा जुना वाद इथे काढायचा नाही. आमच्यापुढचा प्रश्न हक्काचा आहे. सुनो हे यंत्र २०२३च्या अखेरीस लोकांच्या हाती आले, उडिओ एप्रिल २०२४मध्ये. जून २०२४मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या कंपन्यांनी अमेरिकेत दोघांवर दावे लावले. आमची गाणी परवानगी न घेता यंत्रांना शिकवली, ही त्यांची तक्रार. असे शिकणे कायद्यात बसते, असा यंत्रवाल्यांचा बचाव. ऑक्टोबर २०२५मध्ये युनिव्हर्सल आणि उडिओ यांची तडजोड झाली आणि उडिओवरची गाणी उतरवून घेणे बंद झाले. लोक संतापले, तेव्हा जुनी गाणी काढून घ्यायला ४८ तासांची मुदत मिळाली. नोव्हेंबरमध्ये वॉर्नरने दोघांशीही करार केले. तडजोडी झाल्या त्या कंपन्याकंपन्यांत. जिचे नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही, ती ढोलकवाली बाई त्यात कुठे बसणार?

कोणी म्हणेल, नव्या वाद्याला विरोध नेहमीच होतो. हार्मोनियमही परदेशातूनच आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय कव्वाली सुचत नाही. हे आम्हाला मान्य आहे. पण सारंगी जाऊन पेटी आली तरी गाणारा माणूस समोर बसलेला होता आणि बिदागी त्याच्याच घरी जात होती. यंत्राच्या बाबतीत तो माणूसच समोर नाही.

अर्थात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. कॅसेटच्या काळात कोऱ्या कॅसेटमध्ये आवडती गाणी भरून घेताना शायराला काय मिळाले, याची आम्ही कधी चौकशी केली नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का व्हायला २०१२ची कायदादुरुस्ती यावी लागली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले. त्याआधी कितीतरी शायर हात हलवत गेले असतील, आणि त्यांची गाणी आम्ही फुकट ऐकली.

आपल्याकडे अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क वेगळे मानतात. अल्लाहपुढचा कसूर खऱ्या तौबेने माफ होईल अशी आशा असते. माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो परत करावा लागतो, नाहीतर त्याच्याकडूनच माफी मिळवावी लागते. आणि जो माणूस कोण हेच ठाऊक नाही, त्याची माफी मागायची कोणाकडे? एका वाण्याची उधारी थकवून दुसऱ्याच्या दुकानात गेल्याने पहिली उधारी फिटत नाही. यंत्र बदलताना आम्ही तेच करत होतो. उच्चार तपासले, किंमत तपासली. कोणाला विचारून, कोणाला काय देऊन हे यंत्र शिकले, हे तपासले नाही. ते पूर्णपणे कळणार नाही, हेही खरे. पण कळणार नाही म्हणून विचारायचेच नाही, ही पळवाट झाली.

त्या लग्नात दुसऱ्या यंत्राची कव्वाली वाजली. लोकांना आवडली, आम्हालाही आवडली. मोहल्ल्यातल्या ढोलकवाल्या बायका मात्र जेवून लवकर घरी गेल्या. त्यांना गायला सांगायचे कोणाला सुचलेच नाही. त्यांचे देणे आम्हाला निदान ठाऊक आहे, आणि त्यांची घरेही ठाऊक आहेत. पुढच्या लग्नाचे आवतण त्यांना ढोलकीसह द्यायचे आणि बिदागी आधी ठरवायची, एवढे तरी आमच्या हातात आहे.