ग्लासातली पातळी

दोस्तहो, हा प्रश्न आपल्या बैठकीत कुणी विचारत नाही. विचारला की लोक हसतात. हसणाऱ्यांतला एक रात्री पिऊन आलेला असतो आणि दुसऱ्यानं त्याला धरून घरी पोचवलेलं असतं. म्हणून लिहूनच विचारतो.

मी पीत नाही. ह्यात माझी काही बढाई नाही. आमच्या घरात दारूनं जे केलं ते तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात केलं आहे, त्याचं वर्णन करत बसत नाही. आई लिहायला-वाचायला शिकली नाही, पण बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत, आणि त्यातली दारूची प्रतिज्ञा ती माझ्याकडं बघून जरा मोठ्यानं म्हणते. एवढंच कारण. तत्त्वज्ञान नंतर आलं.

गिरणीत दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे बारा वाजतात. रोडवर एक ढाबा आहे, त्याच्या मागच्या अंगाला बाजा टाकलेल्या असतात. तिथं आमच्या खात्यातली पोरं बसतात. त्यातला एक माझ्याच गावचा. तो वरच्या आळीचा, मी खालच्या वस्तीतला. रिंग फ्रेमवर दोघं शेजारी, तुटलेला धागा तोही जोडतो आणि मीही जोडतो. त्या रात्री त्यानं थंडगार बिअरची बाटली माझ्यापुढं धरली. आमच्या वस्तीतल्या दोघांनी तिला आधीच तोंड लावलं होतं, मग ह्यानं लावलं होतं. म्हणाला, "घे रे. आता कुठं राहिली जातपात? एकाच बाटलीला तोंड लावतोय आपण." मी नको म्हटलं. तर म्हणतो, "बघा, आम्ही पाळत नाही, हाच पाळतो!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना सायकलवर ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं होतं. खरंच, त्या क्षणी शिवाशिव मीच पाळली होती काय?

बिअर म्हणजे दारू नव्हे, असं आपली कार्यकर्ती पोरं म्हणतात. हा मुद्दा आधी निकालात काढू. पंचशीलातल्या पाचव्या शीलात सुरा आहे, मेरय आहे, मज्ज आहे. सुरा म्हणजे काय? पिठाची, भाताची, किण्व घालून आंबवलेली. म्हणजे धान्याची. जव आंबवून करतात ती बिअर ह्याच घराण्यातली. तेव्हा अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यानं कुणी हे शील बांधलं त्याला आपली पळवाट आधीच ठाऊक होती. आणि आपल्याकडं बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेलं असल्याशिवाय ती कुणी उचलत नाही, तेव्हा चवीची गोष्ट तर बोलूच नका. (ह्या राज्यात 1949 च्या कायद्यानं प्यायलाही परवाना लागतो. ढाब्यामागं बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो ते विचारू नका.)

पण शिलात शेवटी शब्द येतो पमाद. बेसावधपणा. ते ठिकाण टाळा, असं शील सांगतं. माझा प्रश्न त्या ठिकाणाबद्दल आहे. माणसं जिथं एकत्र पितात त्या जागेबद्दल.

एका मित्रानं मला इंग्लंडातल्या पबांवरचं एक पुस्तक दिलं. 'द पब अँड द पीपल', 1943 साली छापलेलं. मास ऑब्झर्व्हेशन नावाच्या गटाची पोरं 1937 पासून बोल्टन गावात जाऊन राहिली, पबात बसून लोक कसे पितात ते लिहीत राहिली. बोल्टन कुठलं? लँकेशायरातलं, कापड गिरण्यांचं. सॅम्युअल क्रॉम्प्टनचा म्यूल नावाचा कताईचा साचा 1779 साली तिथलाच. म्हणजे आपल्या धंद्याचं आजोळ. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचलं.

तिथला गिरणीवाला पाळी सुटली की माइल्ड प्यायचा. माइल्ड म्हणजे एल जातीची बिअर, हॉप्सचा कडूपणा कमी, बहुधा काळपट, भाजलेल्या माल्टची चव असलेली. आज जी माइल्ड मिळते तिची ताकद साधारण तीन ते साडेतीन टक्के. खाण कामगार, फाउंड्रीतले, गिरणीतले, घाम गाळणाऱ्या सगळ्यांची ती आवडती. मिडलंड्समध्ये, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, काही जुने ब्रुअर अजून ती करतात. ही बिअर कास्कात, म्हणजे पिंपातच शेवटची आंबते. तळघरात अकरा-तेरा डिग्रीवर ठेवायची, हातपंपानं ओढून वर आणायची. फर्किन नावाच्या छोट्या पिंपात नऊ गॅलन बसतात, म्हणजे 72 पाइंट. आणि एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवा लागून आंबूस होतं. मला हे फार आवडलं. पिणारा नसूनही आवडलं. ही वस्तूच अशी की एकट्यानं बाळगता येत नाही. साठवून श्रीमंत होता येत नाही. गावानं मिळून संपवली तर चांगली, नाहीतर गटारात. 1971 साली तिथल्या लोकांनी कामरा नावाची संघटना काढली ती ह्याच पिंपातल्या बिअरला वाचवायला, कारण मोठ्या कंपन्या सगळीकडं एकसारखी, गॅस मारलेली बिअर आणायला लागल्या होत्या.

त्या पुस्तकातली एक नोंद तर मी दोनदा वाचली. चौघं एका टेबलावर पीत असले की त्यांच्या ग्लासांतली बिअर जवळपास एकाच पातळीवर खाली उतरते. कुणी ठरवत नाही. बोलता बोलता होतं. मग ग्लास रिकामे झाले की एकजण उठतो आणि चौघांची घेऊन येतो, पुढच्या वेळी दुसरा. त्याला राउंड म्हणतात. ज्यानं राउंड घेतला त्यानं राउंड दिलाच पाहिजे. कुणी कुणाला पाजत नाही.

इथं माझं डोकं फिरलं. 'पाजणं' हा आपला शब्द बघा. मालक पाजतो. निवडणुकीत पुढारी पाजतो. पाटलाच्या पोराला काम करून घ्यायचं असलं की तो पाजतो. आपल्या वस्तीनं आजवर प्यायलेल्या दारूत पाजलेली किती आणि राउंडातली किती?

पण बोल्टनला डोक्यावर घेऊन नाचू नये. त्याच पुस्तकात लिहिलंय की त्याच पबात खोल्या वेगळ्या. व्हॉल्ट नावाच्या खोलीत गड्यांची गर्दी, तिथं बायांनी जायचं नाही. पलीकडं गाद्यांची, चांगल्या कपड्यातल्यांची खोली, तिथं तीच बिअर एक पेनी महाग. चवीत फरक नाही. पेनी कशाची मग? शेजारी कोण बसलंय त्याची.

आणि राउंडातसुद्धा एक खोच आहे. ज्याच्या खिशात चौघांचे पैसे नाहीत तो टेबलावर बसू शकत नाही. बेकार माणूस भिंतीला टेकून एकटा पितो, नाहीतर घरीच राहतो. ही समता मजुरी मिळवणाऱ्यांची. आमच्या आया-बहिणी तिच्यात कुठं बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तोंडाची गोष्ट. लँकेशायरात विणकर धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायचे. एकच धोटा अनेकांच्या ओठाला लागायचा. तिथं त्याला धोट्याचं चुंबन म्हणायचे. रोग पसरतात, दात जातात, अशी त्याबद्दल तक्रार होती. हीच पद्धत मुंबईच्या गिरण्यांत आली, पण इथं धोट्याला रोगाआधी जात लागली. महाराच्या ओठाचा धागा सवर्ण विणकर कसा ओढणार? म्हणून साचाखात्याचं दार आपल्याला बंद. पगार त्या खात्यात जास्त. माझा पणजा परळच्या एका गिरणीत होता, रिंग खात्यातच म्हातारा झाला. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. तेव्हा एकाच बाटलीला तोंड लावतो असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं बाटली येत नाही, धोटा येतो. रात्री बाटली चालते. मग तेव्हा दिवसा धोटा का नाही चालला?

तरीही पबाच्या दारानं मला सोडलं नाही, कारण त्या दारात दोन गोष्टी घडल्या आहेत.

पहिली 1943 ची. लँकेशायरातलंच बँबर ब्रिज नावाचं कापड गिरण्यांचं गाव. तिथं अमेरिकन लष्कराची काळ्या सैनिकांची ट्रकवाली तुकडी होती. अमेरिकन लष्करात गोरे वेगळे, काळे वेगळे. गावातल्या पबांनीही तसंच करावं असा लष्कराचा आग्रह झाला. तर सांगतात की पबवाल्यांनी पाट्या लावल्या, फक्त काळ्या सैनिकांसाठी! 24 जूनच्या रात्री ओल्ड हॉब इन ह्या गवती छपराच्या पबात काळे सैनिक गावकऱ्यांबरोबर पीत होते. गोऱ्या मिलिटरी पोलिसांनी गणवेश नीट नाही, पास नाही, म्हणून एकाला धरायला बघितलं. गावकरी काळ्या सैनिकांच्या बाजूनं बोलले. प्रकरण वाढलं, रात्री गोळीबार झाला, विल्यम क्रॉसलँड नावाचा काळा सैनिक मेला. कोर्टमार्शलमध्ये तीसहून जास्त काळ्या सैनिकांना दोषी धरलं, पुढं शिक्षा कमी केल्या. त्या पबवाल्यांचं मला कौतुक वाटतं. पण पाटी लावणारे पबवाले, आणि मेला तो पिणारा. हेही विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक. तिथल्या फाउंड्रीत पंजाबी मजूर भट्टीपुढं राबायचे आणि सुटल्यावर पबात गेले की काही ठिकाणी त्यांना बाहेरच्या बारमध्ये उभं करायचे, आतली स्मोक रूम गोऱ्यांची. काही ठिकाणी दारच बंद. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जोहल ह्यांनी ह्याच्याविरुद्ध मोहीम काढली. ते स्वतः फाउंड्री कामगार, 1958 साली पंजाबातून गेलेले. गोरे विद्यार्थी बरोबर घ्यायचे, पबात शिरायचं, कुणाला देतात आणि कुणाला नाही ते नोंदवायचं, मग त्या पुराव्यावर परवान्याला हरकत घ्यायची. 12 फेब्रुवारी 1965 ला त्यांनी माल्कम एक्सना स्मेदिकला नेलं, ब्लू गेट्स पबात घेऊन गेले. स्मोक रूममध्ये द्यायला नकारच मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कमचा खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा आला, त्यात पबासारख्या सार्वजनिक जागा धरलेल्या होत्या.

माल्कम एक्स मुसलमान. दारू न पिणारा. तो पबाच्या त्या खोलीसाठी कशाला गेला?

आमच्या मंडळातला एक थोर मित्र ह्यावर चिडून म्हणाला, "दारूच्या गुत्त्यात शिरायचा हक्क मागायला आपण चळवळ करतोय का? नाही शिरू दिलं तर बरंच झालं, पैसे वाचले." मी विचार केला. मग मला काळाराम आठवला. 2 मार्च 1930 ला नाशिकला सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दर्शनाची बाबासाहेबांना हौस होती काय? 1934 साली त्यांनी भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छच सांगितलं आहे की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा काढला नव्हता, माणसं जागी व्हावीत, त्यांना आपली जागा कळावी म्हणून काढला होता. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या दारातून आत जायचंच नाही त्या दारासाठी लढता येतं. बंद दारापुढं उभा राहून "मला आत जायचंच नव्हतं" म्हणणाऱ्याचं म्हणणं कुणी खरं मानत नाही. दार उघडल्यावर तो म्हणू शकतो. माझं न पिणं हे माझं व्रत तेव्हाच, जेव्हा तो ग्लास मला बरोबरीनं मिळू शकतो. तोवर ते व्रत आणि बहिष्कार एकमेकांत मिसळलेले आहेत आणि वेगळे काढता येत नाहीत.

एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. पण मित्र लेकाचा हुशार. म्हणतो, "मग उघड्या दारातून आत गेलेल्यांचं काय? काळारामातनं आपण परत फिरलो. गुत्त्यातनं आपले किती परत फिरले?" ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या घरातलंच उदाहरण त्याच्या बाजूचं आहे.

तरी ढाब्यावरचा प्रश्न मला आता वेगळा दिसतो. समता बिअरमध्ये होती की राउंडात? राउंडात असेल तर मी लेमन सोडा घेऊनही बसू शकतो, माझ्या पाळीचे पैसे देऊन. मी तसं केलं. पुढच्या शनिवारी गेलो, सगळ्यांचा एक राउंड माझ्या पैशानं सांगितला, मला सोडा. सोडा स्वस्त, म्हणजे घाटा माझाच! तो जरा चपापला. त्याला पाजायची सवय, प्यायची नव्हे.

त्यानंतर त्याच्या बहिणीच्या हळदीला मला बोलावणं आलं. गेलो. मांडवात सगळ्यांना कपबशीतून चहा, मला आणि वस्तीतल्या त्या दोघांना कागदी कपातून. कागदी कप चांगला असतो, धुवायला लागत नाही, कुणाला शंकाही येत नाही. बाटलीला तोंड लावणारा तो लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता. काही बोलला नाही. त्याच्या आईनं कप दिले होते, त्यानं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

सोमवारी फ्रेमवर मी त्याला म्हणालो, "राउंड तुझ्याकडं बाकी आहे. पण ढाब्यावर नको. रविवारी दिवसाउजेडी माझ्या घरी ये. आईच्या हातचा चहा घे, मग तुझ्या घरी मी येतो, तुझ्या आईच्या हातचा, कपबशीतला." मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं. मी परत ओरडून सांगितलं. शेजारच्या चार फ्रेमवाल्यांनी वळून बघितलं.

येतो म्हणालाय. कुठला रविवार ते बोलला नाही. आई दर रविवारी विचारते, त्याला साखर कमी लागते का जास्त.