वाट पाहण्याचं मोल

२००७च्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाचं ‘८८०० जीटी’ हे ग्राफिक्स कार्ड आलं. मेमरी ५१२ एमबी, किंमत २५० डॉलरच्या आतबाहेर. २०१६च्या जूनमध्ये जवळपास त्याच पैशात, २३९ डॉलरला, एएमडीचं ‘आरएक्स ४८०’ मिळू लागलं. त्यात मेमरी होती ८ जीबी, म्हणजे सोळापट, आणि कागदावरचा गणनवेग दहापटीहून जास्त. आणखी नऊ वर्षांनी, मे २०२५मध्ये, ‘आरटीएक्स ५०६०’ दाखल झालं. किंमत २९९ डॉलर, मेमरी पुन्हा ८ जीबीच. कागदावरचा वेग तिपटीच्या आसपास.

अमेरिकेतली महागाई २०१६ ते २०२५ या काळात साधारण एक तृतीयांशाने वाढली. ती जमेस धरली, तर तेव्हाचे २३९ डॉलर २०२५च्या ३२० डॉलरच्या घरात जातात. त्यामुळे ‘कंपन्यांनी लुटलं’ एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. नवं कार्ड वेगवान आहे, वीज बेताची खातं, आणि महागाई वजा केली तर थोडं स्वस्तच पडतं. तरीही पहिल्या नऊ वर्षांत जे घडलं ते दुसऱ्या नऊ वर्षांत घडलं नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका बसला तो शिडीच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना. २०१६मध्ये ‘जीटीएक्स १०५०’ १०९ डॉलरला आणि ‘१०५० टीआय’ १३९ डॉलरला नवं मिळत होतं. २०२५मध्ये ‘आरटीएक्स ५०५०’ आलं ते २४९ डॉलरला. त्या पिढीत एनव्हिडियाने त्याखाली पायरीच ठेवली नाही. मधल्या काळात, २०२२मध्ये, आलेलं ‘जीटीएक्स १६३०’ दीडशे डॉलरच्या पुढे विकलं गेलं आणि चाचण्यांमध्ये सहा वर्षं जुन्या १०५० टीआयच्या मागे पडलं.

इथे प्रश्न हिशेबाच्या वहीतून बाहेर पडतो आणि नीतिशास्त्रात शिरतो.

फ्रीडरिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथात विषमतेची एक बाजू मांडली आहे. श्रीमंत माणूस नवी वस्तू महाग असताना घेतो, तिच्या चुका सुधारण्याचा खर्च सोसतो, आणि त्याच्या जोरावर तीच वस्तू पुढे सगळ्यांच्या आवाक्यात येते. आजची चैन ही उद्याची गरज ठरते, तेव्हा वरच्याचं पुढे असणं खालच्याच्याही फायद्याचं असतं. हा युक्तिवाद घरांना लागू पडत नाही, शिक्षणाला जेमतेम पडतो. पण संगणकाच्या सुट्या भागांना तो अनेक दशकं तंतोतंत लागू पडत आला. ज्याच्याकडे पैसे होते त्याने आज घ्यावं. ज्याच्याकडे नव्हते त्याने दोन-तीन वर्षं थांबावं, तेवढीच ताकद निम्म्या पैशात हाती येई. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पार्ट गोळा करत हिंडणारा विद्यार्थी असो की मनिलातला सायबर कॅफेवाला, वाट पाहणं हेच त्याचं चलन होतं. खिशात रोकड नसली तरी धीर होता, आणि बाजार त्या धीराचा मोबदला चोख देत होता.

त्या चलनाची किंमत घसरली आहे. वरच्या मजल्यावर मात्र भरभराट आहे: २०१७चं ‘१०८० टीआय’ ६९९ डॉलरचं होतं, २०२५चं ‘५०९०’ १,९९९ डॉलरला आलं, आणि दोन्हींच्या क्षमतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरचा पुढे जातो, पण त्याच्या पुढे जाण्यातून खालच्या पायरीवर पोचतं ते आता फार थोडं आणि फार उशिरा. हायेकचं समर्थन ज्या गृहीतावर उभं होतं तेच इथे खचतंय.

पण थांबणाऱ्याला काही हक्क असतो का? वस्तू दरवर्षी स्वस्त व्हावी असा करार कुणी कुणाशी केला होता? इंटेलच्या स्थापनेच्या तीन वर्षं आधी, १९६५मध्ये, गॉर्डन मूर यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात लिहिलेला लेख सगळे ‘मूरचा नियम’ म्हणून ओळखतात. त्याचा गाभा खर्चाचा होता. एका चिपवर किती घटक बसवले असता प्रत्येक घटकामागचा खर्च सगळ्यात कमी येतो, आणि ती संख्या दरवर्षी कशी दुप्पट होते आहे, हे त्यांनी दाखवलं. १९७५मध्ये त्यांनीच ही मुदत दोन वर्षांची केली. नावात नियम असला तरी गुरुत्वाकर्षणासारखा तो निसर्गात कुठे लिहिलेला नव्हता. अमेरिका, युरोप, जपान, कोरिया, तैवानमधले उद्योग एकत्र बसून पुढच्या पंधरा वर्षांचा आराखडा आखत, आणि प्रत्येक जण आपापल्या वाट्याचं काम त्या तारखांना पुरं करण्यासाठी झटत असे. म्हणजे हा नियम बराचसा सर्वांनी मिळून पाळलेला शब्द होता. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात वचनाबद्दल हेच म्हटलं होतं: वचनाचं बंधन निसर्गातून येत नाही, माणसं ते एकमेकांच्या सोयीसाठी निर्माण करतात आणि सवयीने पक्कं करतात. त्या आराखड्याची शेवटची आवृत्ती २०१६मध्ये निघाली. आरएक्स ४८०चंही वर्ष तेच.

मग शब्द मोडला, की पाळणं अशक्य झालं? नैतिक निवाडा या एका फरकावर अवलंबून आहे. आणि खरं उत्तर असं आहे की, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

अशक्य झालं ते आधी पाहू. चिप बनवणाऱ्या कारखान्यांची संख्या घटत गेली. ज्या ग्लोबलफाउंड्रीजने आरएक्स ४८०ची चिप बनवली, तिने २०१८मध्ये सात नॅनोमीटरची शर्यतच सोडली. चिपमधली स्थिर मेमरी आता आकसायला तयार नाही: टीएसएमसीच्या पाच नॅनोमीटरवरून ‘एन३ई’ या तीन नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर गेल्यावर तिची पेशी होती तेवढीच राहिली. शिवाय सर्किट बोर्ड, पंखा, तांब्याच्या नळ्या, खोकं, जहाजाचं भाडं यांना मूरचा नियम कधीच लागू नव्हता. शंभर डॉलरच्या कार्डात हा ठरलेला खर्चच मोठा वाटा खातो, म्हणून सगळ्यात आधी तळाची पायरी तुटते. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी २०२२च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं की, चिप स्वस्त होत जाण्याचे दिवस गेले. हे सांगण्यात त्यांचं हित होतं, पण त्यात तथ्यही होतं.

आता निवडीचा भाग. २०२२च्या जानेवारीत एएमडीचं ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ १९९ डॉलरला आलं. मेमरी ४ जीबी. याच कंपनीने २०२०मध्ये ४ जीबी आता पुरत नाही, असं जाहीर लिहिलं होतं. कार्डाची खालची कड १६ लेनच्या, म्हणजे माहितीच्या १६ वाटांच्या, खाचेत बसणारी, पण प्रत्यक्ष जोडणी फक्त ४ लेनची. व्हिडिओ रेकॉर्ड करण्यासाठी लागणारा एन्कोडर गायब. नव्या, चौथ्या पिढीची खाच असलेल्या मदरबोर्डवर हे कार्ड कसंबसं चालून जाई. तिसऱ्या पिढीची खाच असलेल्या जुन्या मदरबोर्डवर मात्र मेमरी भरली की, त्या चार चिंचोळ्या वाटांतून माहिती येईतो चित्र अडखळू लागे. आणि दोनशे डॉलरचं कार्ड घेणाऱ्याच्या घरी कोणता मदरबोर्ड असतो? बहुधा जुनाच. नवा घेण्याइतके पैसे असते, तर तो या कार्डाकडे वळलाच नसता. काटछाट नेमकी त्याच्याच वर्मावर झाली.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाने ‘सुम्मा’ ग्रंथात विचारलं होतं: वस्तू तिच्या मोलाहून महाग विकणं धर्माला धरून आहे का? वस्तू सोडताना विक्रेत्याला तोशीस पडत असेल, तर तेवढं वाढवून घ्यायला त्याची हरकत नाही. पण विक्रेत्याचं काही जात नसेल आणि केवळ घेणाऱ्याची नड मोठी म्हणून भाव चढवला, तर ते अन्यायाचं. कारण नड घेणाऱ्याची आहे, आणि जे आपलं नाही ते विकण्याचा अधिकार कुणाला नसतो. २०२१च्या टंचाईत कार्डं उचलून दुप्पट भावाने विकणारे दलाल या कसोटीवर सरळ नापास होतात. कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ अधिक रोखठोक आहे: देशी मालावर पाच टक्के, परदेशी मालावर दहा टक्के नफा, आणि संगनमताने भाव फिरवणाऱ्या व्यापाऱ्यांना हजार पणांचा दंड. मोठा लाभही प्रजेला जाचक असेल तर राजाने तो टाळावा, असंही तिथे बजावलं आहे.

पण अक्वायनसच्याच कसोटीने कंपनीची बाजूही पाहायला हवी. एनव्हिडियाच्या २०२० सालच्या आर्थिक वर्षात सुमारे ११ अब्ज डॉलरच्या उत्पन्नातला निम्मा वाटा गेमिंगचा होता. २०२५च्या आर्थिक वर्षात उत्पन्न १३० अब्जांवर गेलं. त्यात डेटा सेंटरचे ११५, गेमिंगचे ११. कारखान्यातली तीच क्षमता एआयच्या चिपसाठी वापरली तर कितीतरी पट पैसा मिळत असताना ती स्वस्त कार्डाकडे वळवणं ही कंपनीला तोशीसच आहे. तिला तसं करायला भाग पाडावं, हे म्हणणं टिकणार नाही. मात्र तोशीस आणि नाइलाज यांत अंतर आहे. इंटेलने २०२४च्या डिसेंबरमध्ये ‘बी५८०’ हे १२ जीबीचं कार्ड २४९ डॉलरला आणलं. त्याची चिप २७२ चौरस मिलिमीटरची. २९९ डॉलरच्या ‘आरटीएक्स ४०६०’ची १५९ची. कारखाना एकच, टीएसएमसी. बाजारात शिरकाव करायला धडपडणाऱ्याने नफ्यावर पाणी सोडलं तेव्हा मोठी चिप कमी पैशात देता आली. भौतिकशास्त्र दोघांनाही सारखंच होतं.

भाव किती असावा यावर शहाण्या माणसांत मतभेद राहतील. खरं सांगावं की नाही यावर राहू नयेत. २०१७च्या ‘जीटी १०३०’मध्ये जीडीडीआर५ मेमरी होती, बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहिती येण्याजाण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ची आवृत्ती आली. बँडविड्थ १७ जीबीहूनही कमी. २०१६च्या ३ जीबीवाल्या ‘१०६०’मध्ये मेमरीबरोबर गणना करणारे कोरही गुपचूप कमी झाले, २०२४च्या ६ जीबीवाल्या ‘३०५०’मध्येही तेच. रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी मांडलेला पेच प्रसिद्ध आहे: दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन पोचलेल्या व्यापाऱ्याने मागून आणखी जहाजं येताहेत हे सांगावं का? तिथे निदान धान्य तरी सकस होतं. इथे पोत्यावरचं नाव तेच, आतलं धान्य वेगळं.

भारतातल्या गिऱ्हाइकाला भावाचा हा बोजा दुप्पट जाचतो. २०१६च्या मध्यावर डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, २०२५च्या मध्यावर ८६च्या. त्या दराने २९९ डॉलरचे पंचवीस हजारांवर रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीस हजार. ज्या घरात ही रक्कम दोन महिन्यांच्या किराण्याहून मोठी आहे, त्या घरातला मुलगा ते फक्त गेम खेळायला मागत असेल असंही नाही. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन शिकायचं, घरच्या घरी मशीन लर्निंगचे प्रयोग करायचे, तर मेमरी हाच पहिला अडसर असतो. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६मध्ये लिहिलं की, लिननचा सदरा जगण्यासाठी अपरिहार्य नाही, पण तो नसेल तर त्याच्या काळच्या मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून ती गरजच. ग्राफिक्स कार्ड अजून तिथवर पोचलेलं नाही. काही अभ्यासक्रमांपुरतं मात्र ते त्या दिशेने सरकलं आहे.

निदान एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. वेष्टनातल्या मालावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता छापणं वैधमापनाच्या २०११च्या नियमांनी बंधनकारक आहे. फ्रिजवर विजेचे तारे असतात, ते पाहून गिऱ्हाईक दोन मॉडेलांत निवड करतं. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मेमरीचा प्रकार, बँडविड्थ, कोर आणि जोडलेल्या लेन ठळक छापायला सांगितलं, तर कारखान्याचा खर्च शाईपलीकडे वाढत नाही. आणि जुना मदरबोर्ड असलेल्या मुलाला काउंटरवर, पैसे मोजण्याआधी, कळतं की हे कार्ड त्याच्या मशीनवर चारच लेनवर धावणार आहे.